मागचा टायर

“मामा, हे सातव्यांदा,” स्वरूपा म्हणाली. “आता तरी बास?”

“आणखी एकदा. मघाशी वारा होता.”

“वारा? झाडाचं पान हललं नाही!”

तरीही ती सायकल वळवून पुन्हा चढावर गेली. धरणाच्या रस्त्यावर उतार संपून सपाटी लागते, तिथे मी हातात खडू घेऊन उभा होतो. वरच्या मैलाच्या दगडापाशी तिने ब्रेक सोडले. पॅडल न मारता, पाय स्थिर ठेवून ती उतरत आली, माझ्यासमोरून गेली आणि सपाटीवर मंदावत मंदावत सायकल आपणहून थांबली. मी धावत जाऊन तिथे खडूची रेघ ओढली आणि उतारापासून पावलं मोजली. एकशे एकाहत्तर. जुन्या, जाड दातांच्या टायरवर ती आदल्या दिवशी एकशे त्रेचाळीस पावलांवरच थांबत होती.

दूधवाला मोटरसायकल थांबवून बघत होता. “काय शेट्ये, भाचीला सायकल शिकवताय?”

भाची तीन वर्षं जिल्ह्यात पहिली येत होती. मी खडू खिशात घातला आणि “हो, थोडी थोडी,” असं काहीतरी पुटपुटलो.

याला आता सोळा वर्षं झाली. मी तेव्हा बासष्ट वर्षांचा होतो. तालुक्याच्या वाचनालयात एकतीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काढून निवृत्त झालेला. या दोन पुस्तकांपैकी कोणतं नेऊ, असं कुणी विचारलं की मी दोन्ही चांगली आहेत म्हणायचो. निवड करायची वेळ आली की माझी जीभ टाळूला चिकटते. स्वरूपा माझ्या बहिणीची मुलगी. आमच्या गावातल्या मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका होती आणि राहायला माझ्याकडे होती. डोंगरातल्या सायकल शर्यतींचं वेड तिला कुठून लागलं ते मला माहीत नाही. एवढं खरं, की आदल्या वर्षी राज्य निवडीच्या शर्यतीत नाशिकच्या गार्गी ढिकलेने तिला नऊ सेकंदांनी मागे टाकलं होतं. राष्ट्रीय स्पर्धेला पहिली येणारी एकटीच जायची. त्या वर्षी शर्यत आमच्याच भागात, वाघजाईच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या जांभ्या कातळावर होणार होती आणि स्वरूपा अठ्ठावीस वर्षांची होती. “यंदा नाही तर नाही,” ती एकदा जेवताना सहज म्हणाली आणि आमटी वाढून घेतली. त्या सहजपणानेच मी घाबरलो.

मग मी वाचायला लागलो. मला तेवढंच येतं. परदेशी मासिकं, इंटरनेटवरून छापून आणलेले कागद, रबराबद्दलचं एक जाडजूड पुस्तक. हळूहळू एक गोष्ट माझ्या लक्षात आली. अंगाचा भार जास्त करून मागच्या चाकावर असतो. तिथे जड, मोठ्या दातांचा टायर असला की तो प्रत्येक फेऱ्याला जमीन चावत जातो आणि ते बळ चालवणाऱ्याच्या पायांतून जातं. पुढचा टायर वळणाला धरतो, ब्रेकला धरतो, त्याला हात लावायचा नाही. पण मागचा हलका आणि बुटक्या दातांचा केला, तर नऊ सेकंद भरून निघतील, कदाचित जास्तही.

मी दोन हलके टायर मागवले. दोन अशासाठी, की एक निवडणं मला जमलं नाही. वाण्याच्या काट्यावर गुळाची ढेप उतरवून आम्ही तिन्ही टायर तोलले. जुना नऊशे तीस ग्रॅम. नव्यांपैकी एक सहाशे वीस, त्याच्या कडांना जाड विणीचं कापड होतं. दुसरा पाचशे दहा, पापडासारखा. उतारावर पापड सगळ्यात लांब गेला, म्हणून तोच आधी लावायचा ठरला.

कोल्हापूरचे रणवरे सर जिल्ह्याच्या संघाचे प्रशिक्षक होते. लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी टायर अंगठ्याने दाबला आणि माझ्याकडे पाहिलं.

“शेट्ये साहेब, सडा बघितलाय का तुम्ही?”

“लहानपणी,” मी म्हणालो.

“मी जानेवारीत दोनदा फिरून आलोय. नुसता जांभा. वर सुटे खडे, कोयत्यासारख्या धारेचे. तिथं हा टायर म्हणजे लग्नातली चप्पल झाली.”

“एकदा चालवून बघते ना सर,” स्वरूपा म्हणाली.

तिने फेब्रुवारीतल्या एका रविवारी चालवून पाहिला. सड्यावर अर्धा किलोमीटर गेल्यावर टायरची कड बोटभर फाटली. छिद्रं बुजवायला आत घातलेला पांढरा द्रव तिच्या पाठीवर उडाला आणि ती सायकल खांद्यावर घेऊन चार किलोमीटर चालत खाली आली. पायथ्याशी सगळा संघ उभा होता. रणवरे सरांनी फाटक्या कडेत बोट घातलं, ते बाहेर काढून मला दाखवलं आणि म्हणाले, “पुस्तकात टायर फुटत नाही व्हय?”

सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन मी सगळे कागद बांधून माळ्यावर ठेवले. स्वरूपाने जुना टायर परत चढवला. सहाशे वीसचा टायर खुंटीवर तसाच लटकत राहिला. मी त्याच्याकडे बघायचंही टाळत होतो.

पण फाटका टायर मी टाकला नव्हता. तो कशाने फाटला, हा प्रश्न मला सोडेना. शर्यत मार्चमधल्या एका रविवारी होती. त्याआधीच्या शुक्रवारी सकाळी तो टायर कापडी पिशवीत घालून मी एकटाच सड्यावर गेलो. जिथे फाटला ती जागा शोधायची, तो दगड शोधायचा, एवढंच डोक्यात होतं. मिळाला असता तर काय करणार होतो, देव जाणे.

सड्यावर पोचलो तर पन्नासेक माणसं होती. बायका खराटे घेऊन कातळ झाडत होत्या. पुरुष टोपल्यांनी खडे उचलून कडेला टाकत होते. काहीजण वाटेवर आलेली काटेरी झुडपं कोयतीने तोडत होते. वाघजाईचे पुजारी भिकाजी गुरव मला ओळखत होते. त्यांचा मुलगा वाचनालयात यायचा.

“काय वो शेट्ये, हिकडं कुठं? नि पिशवीत काय?”

“टायर,” मी म्हणालो. त्यांनी पुढे विचारलं नाही, याबद्दल मी अजून त्यांचा आभारी आहे. “तुम्ही सडा का झाडताय?”

“आता काय बोलायचं! उद्या देवीची पालखी हितनं जाणार. शिमगा न्हाय काय? पालखी उचलणारं समदं अनवाणी. खडा टोचला नि पाय चुकला, तर देवी हेलकावल ना! दर वर्साला झाडतो.”

“सगळी वाट?”

“ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. घरात झाडीत न्हाय येवढं झाडतात बाया.”

मी खाली बसून कातळावर तळवा फिरवला. जांभा खडबडीत होता, पण बोथट. पिढ्यान्‌पिढ्या पाय पडून त्याची टोकं गेली होती. टायर कापणारे होते ते सुटे खडे, आणि ते आता वाटेवर नव्हते. शर्यतही याच वाटेने जायची होती. रणवरे सरांनी जानेवारीतला सडा पाहिला होता. टायर फेब्रुवारीत फाटला. शर्यत होती शिमग्यानंतर.

पण मला माझ्या तळव्याची खात्री वाटेना. हात फिरवणं वेगळं, भार टाकणं वेगळं. मी चपला काढल्या, पिशवीत टायरवर ठेवल्या आणि चालायला लागलो. त्याआधी मी आयुष्यात कधी अनवाणी चाललेलो नव्हतो. घरातही माझ्या पायात सपाता असतात. माझ्या पायांना सहन होईल ते टायरला सहन होईल, असा माझा हिशेब होता. एका बाईने दुसरीला विचारलं, “ह्यांनी नवस बोललाय काय गो?” दुसरी म्हणाली, “बोललं असतील. म्हातारपणी सुचतं.”

अडीच किलोमीटर मी वाटेच्या मधून चाललो. तळपाय तापले, दुखले, पण रक्त आलं नाही. मग परत येताना मुद्दाम कडेने चाललो. विसाव्या पावलाला उजव्या टाचेत खडा घुसला. झाडून काढलेलं सगळं तिथेच पडलं होतं. म्हणजे मधली वाट आधीपेक्षा चांगली आणि कडा आधीपेक्षा वाईट. ती वाट एका सायकलीपुरती. मग पुढच्या सायकलीला ओलांडायचं कुठे?

मी टाच धरून गुरवांना विचारलं, “ही वाट कुठे रुंद झाडता का तुम्ही?”

“ती काय तिथं, जांभळीच्या पुढं. तिथं पालखी नाचवतात. चौघं नाचवणार, बाकीचं भोवती फिरणार. मोठं रिंगण लागतं.”

मी जाऊन मोजलं. बावीस पावलं लांब, अठरा रुंद, आणि अंगणासारखं स्वच्छ.

त्या संध्याकाळी शाळेच्या मैदानावर रणवरे सर संघाला सूचना देत होते. शनिवारी पालखीमुळे सडा सरावासाठी बंद होता, म्हणून ते वैतागलेले होते. मी बाजूला उभा राहिलो. सूचना संपल्या, तरी मी पाय बदलत तिथेच उभा होतो. शेवटी स्वरूपाच म्हणाली, “मामा, तू लंगडतोयस का?”

“सर,” मी म्हणालो, “मागे हलका टायर लावावा. सहाशे वीसचा.”

रणवरे सरांनी डोळे मिटले आणि उघडले. “शेट्ये साहेब, परवा शर्यत आहे.”

“सडा झाडलाय.”

“काय केलाय?”

मी सांगितलं. खराटे, टोपल्या, मधली वाट, कडा, रिंगण. मी नीट सांगितलं नसणार, कारण पोरी तोंडावर हात धरून हसत होत्या.

“झाडलाय म्हणून खडकाचा गालिचा होतोय व्हय?” सर म्हणाले. “कशावरून म्हणता?”

“मी अनवाणी चाललो. जाऊन येऊन पाच किलोमीटर.”

“दाखवा.”

मी तिथल्या बाकावर बसून सगळ्यांसमोर चप्पल काढली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सरांनी वाकून माझे दोन्ही तळपाय पाहिले, घोड्याचे खूर बघावेत तसे. टाचेवरची जखम दाबली.

“ही?”

“ती कडेची. मधे काही झालं नाही.”

सर सरळ उभे राहिले. मग म्हणाले, “मी असतो तर जुनाच लावला असता. जुना कुणाला दगा देत नाही. पण पाय तिचे आहेत. स्वरूपा, तू बोल.”

स्वरूपा माझ्यासमोर उकिडवी बसली. “मामा, मला एक सांग. तुझी खात्री आहे?”

हा प्रश्न मला आयुष्यात फार लोकांनी विचारला होता, आणि त्याला मी कधीही सरळ उत्तर दिलेलं नव्हतं.

“आहे,” मी म्हणालो. “फक्त खाली उतरताना करवंदीच्या वळणाला माती आहे. तिथे मागचं चाक घसरेल. मागचा ब्रेक दाबू नकोस, पुढच्यावर विश्वास ठेव.”

“लावते,” ती म्हणाली.

शनिवारी दुपारी तिने टायर चढवला. मी आत पुस्तक उघडून बसलो होतो. तासाभरात एकही पान उलटलं नाही. संध्याकाळी सड्याच्या बाजूने ढोल ऐकू आले आणि एकदम माझ्या लक्षात आलं, की पालखीपुढे नारळ फोडतात. करवंटीच्या धारेचा मी विचारच केला नव्हता.

रविवारी उजाडता उजाडता मी टोपली घेऊन सड्यावर होतो. भिकाजी गुरव आधीच आले होते. “देवीचं उष्टं मीच गोळा करतो,” ते म्हणाले, “पण या, हातभार लावा.” आम्ही दोघांनी रिंगण आणि वाट पायाखालून घातली. अर्धी टोपली करवंट्या निघाल्या. शर्यत सुरू झाल्याची शिट्टी खालून ऐकू आली तेव्हा मी रिंगणाच्या कडेला दगडावर बसलो होतो.

तीन फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत स्वरूपा तिसरी होती. दुसऱ्या फेरीत दुसरी, गार्गी ढिकलेच्या मागे दहा-बारा सायकलींचं अंतर ठेवून. त्या दोघी येत होत्या ते दिसायच्या आधी कानांना कळत होतं. गार्गीच्या जाड दातांचा टायर कातळावर घरघरत यायचा. स्वरूपाचा नुसता सळसळायचा, कुणी रेशमी पदर ओढत चालल्यासारखा.

“तुमच्या पोरीची गाडी बोलत न्हाय,” गुरव म्हणाले.

“बोलायला नकोच,” मी म्हणालो.

तिसऱ्या फेरीला घरघर आली आणि सळसळ तिला चिकटूनच आली. दोघींमध्ये हातभर अंतर होतं. गार्गी मधली वाट घट्ट धरून होती. तीही हुशार होती, कडा किती वाईट आहेत ते दोन फेऱ्यांत ओळखून होती. आता ती मान खाली घालून उभ्याने पॅडल मारत होती आणि तिचे खांदे डोलत होते. स्वरूपा बसूनच होती. जांभूळ मागे पडली. रिंगण आलं.

मला ओरडायचं होतं. रात्रभर मी ठरवलं होतं काय ओरडायचं ते. तोंड उघडलं आणि आवाज फुटला नाही.

“पलाव गो बाय!” माझ्या शेजारून भिकाजी गुरव एवढ्या जोरात ओरडले, की मी दगडावरून खाली आलो. “पलाव! देवी हाय मागं!”

स्वरूपा रिंगणात उजवीकडे निघाली. ती उठलीसुद्धा नाही. चार-पाच वेळा पाय फिरवले असतील नसतील, पण सायकल अशी काही सुटली, जणू तिला कुणी मागून हलकेच ढकललं. गार्गीने वळून पाहिलं तोवर रिंगण संपत आलं होतं. दोघी एका रेषेत आल्या आणि वाट पुन्हा अरुंद झाली तेव्हा पुढे स्वरूपाची पाठ होती. मग दोघी सड्याच्या टोकावरून खाली दिसेनाशा झाल्या.

गुरव माझ्या पाठीवर थापा मारत होते. मी मात्र करवंदीच्या वळणाचा विचार करत होतो. माझ्या टायरचा जो काही कमकुवतपणा होता, तो त्या मातीत होता. आणि तिथून अर्ध्या किलोमीटरवर शेवटचा चढ आणि मैदान.

मी उतरायला लागलो. टाच ठणकत होती. वळणावर पोचलो तर मातीत एक लांबलचक घसरल्याची खूण होती, दोन हात तरी सरळ, पुढे करवंदीच्या जाळीकडे वळलेली. मी गुडघे टेकून ती वाचायचा प्रयत्न केला. बुटके दात की मोठे, तेवढं कळलं असतं तरी पुरे होतं. पण नंतर आलेल्या सायकलींनी सगळं पुसून टाकलं होतं. जाळीच्या दोन फांद्या मोडलेल्या होत्या.

खालून माणसं वर यायला लागली होती. शर्यत संपली होती. समोरून येणाऱ्या कुणालाही विचारता आलं असतं. एक शाळकरी मुलींचा घोळका गेला, दोन पोलीस गेले, कुल्फीवाला गेला. मी प्रत्येकाला वाट करून दिली आणि कुणालाही विचारलं नाही. जोवर विचारलं नाही तोवर ती हरलेली नव्हती.

मैदानाच्या कडेला आलो आणि पहिल्यांदा दिसली ती स्वरूपाची सायकल. उलटी, चाकं वर. मागचं चाक काढलेलं. ते रणवरे सरांच्या हातात होतं आणि सर त्यावर वाकून टायरची कड अंगठ्याने चाचपत होते, इंच इंच. स्वरूपा जमिनीवर बसली होती. तिची कोपरं मातीने माखली होती आणि केसांत करवंदीची पानं होती. चेहरा ओंजळीत.

मी तिथेच थांबलो. परत फिरावं असंही मनात आलं. पण सरांनी मला पाहिलं.

“या, शेट्ये साहेब,” ते म्हणाले. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. “एकोणीस सेकंद.”

गेल्या वर्षी नऊ होते. यंदा एकोणीस. “मागे?” मी विचारलं.

“अहो, पुढं! पुढं हो! पहिली आलीय तुमची भाची!”

स्वरूपाने ओंजळ काढली. ती रडत होती आणि हसत होती. उठून तिने मला अशी मिठी मारली, की माझा चष्मा तिच्या खांद्यावर वाकडा झाला.

“वळणाला घसरलीस तू,” मी म्हणालो.

“सपशेल! जाळीत गेले होते अर्धी. मागचा ब्रेक दाबणार होते, मग तुझं आठवलं. पुढचा धरला आणि सरळ झाले. मामा, शेवटच्या चढावर मला वाटलं कुणीतरी माझ्या पाठीवरून पोतं काढून घेतलंय!”

गार्गी ढिकले तिथेच पाणी पीत होती. ती आली, तिने स्वरूपाचा हात हातात घेतला. मग त्या चाकाकडे वाकून बघत विचारलं, “हा टायर? या सड्यावर? कुणी सुचवला तुला?”

स्वरूपाने माझ्याकडे बोट केलं. तिच्यासारख्या आणखी सात-आठ मुली, त्यांचे प्रशिक्षक, दोन पंच असे सगळे माझ्याभोवती जमले. एरवी अशा वेळी मी कुणाच्या तरी मागे सरकलो असतो. त्या दिवशी माझे पाय इतके दुखत होते, की मला हलताच आलं नाही.

रणवरे सरांनी चाक माझ्या हातात दिलं. “एक ओरखडासुद्धा नाही,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “मी चुकलो होतो. आता पुढचं बोला. महिन्याने निलगिरीत राष्ट्रीय स्पर्धा. तिथं मागं काय लावायचं?”

सगळे माझ्या उत्तराची वाट बघत होते.

“रस्ता पाहिल्याशिवाय नाही सांगणार,” मी म्हणालो.

“आणि पाहिल्यावर?”

“पाहिल्यावर सांगेन,” मी म्हणालो. “आणि मग सर, तुम्ही ऐकायचं.”